उजवा पाटा

"दिवा कुठं दाखवतेयस? माझी बोटं मी जन्मभर बघतोय. पिन दाखव."

आर्वीची ही कुरकुर ट्रकखालून येत होती, ताइमीच्या घोट्यापासून हातभर अंतरावरून. ती उकिडवी बसली होती. एका हातात तारेच्या पिंजऱ्यातला दिवा आणि दुसरा हात थंडगार मडगार्डावर. दिवा हलत नव्हता. हलत होता तो आर्वीचा हात. पण दिवा हलला तर तो ताइमीमुळे आणि पाना घसरला तर तो पान्यामुळे, हे त्यांच्या संसारात फार पूर्वीच ठरून गेलं होतं. तिनं दिवा होता तिथंच ठेवला आणि विचारलं, "आता?"

"आता बरं," आर्वी म्हणाला.

एप्रिल अर्ध्यावर आला होता. पहाटे रस्ता लोखंडासारखा असायचा आणि दुपारी त्याच रस्त्यात गुडघाभर बूट रुतायचा. तलावावरचा बर्फ करडा पडला होता, काठाशी पाणी सुटलं होतं. अजून आठवडाभरात रस्तेवाले येऊन जंगलाच्या तोंडाशी अवजड गाड्यांना बंदीची पाटी ठोकणार आणि मग जूनपर्यंत आत पडलेलं लाकूड आतच राहणार. कोर्पिवाराच्या टेकडीमागच्या रानात आर्वीनं उचलायचे म्हणून कबूल केलेले स्प्रूसचे ओंडके बर्फातून डोकी काढून पडले होते. कंपनीच्या मुकादमानं फोन करून फार गोड आवाजात चौकशी केली होती. तुमची गाडी जुनी, तुमचा खुबा दुखरा, खालच्या गावातल्या त्या नव्या ट्रकवाल्याला सध्या फुरसत आहे, आम्ही आपलं विचारलं. त्या फोननंतर आर्वीनं कपातली कॉफी तशीच ठेवली होती. आर्वीनं कॉफी तशीच ठेवावी म्हणजे घरात कोणी आजारी असल्यासारखं असतं. हे काम गेलं तर पुढच्या हिवाळ्यात त्याला कोणी विचारणार नव्हतं. असं एकदा हातातून सुटलेलं काम परत आलेलं त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकी आत्ताच ट्रकची मागची उजवी बाजू खाडखाड वाजायला लागली. चाकावर गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पाट्याच्या टोकाला जे गोल भोक असतं, त्या डोळ्यातला बुश झिजून त्याचा पत्रा झाला होता आणि त्यातून जाणारी पिन गंजून डोळ्याला चिकटली होती. पिन निघाल्याशिवाय बुश निघत नाही आणि बुश बदलल्याशिवाय ओंडके भरून त्या उतारावरून खाली यायचं कोणी धाडस करू नये. करायचं होतं ते त्यांच्या मुलीनं, राइलीनं. आर्वी जानेवारीत अंगणात घसरून खुब्यावर पडला, तेव्हापासून दिवसभर क्लच दाबणं त्याला जमेना. राइली शहरात दूधवाल्यांचा टँकर चालवायची. रजा टाकून ती आली होती. आता एवढी एकच पोर उरली होती.

ती आत्ता साखळ्या ओढत शेडमध्ये आली आणि बापाचे बाहेर आलेले बूट बघून थांबली.

"बाबा, घणानं नाही निघायची ती," ती म्हणाली. "त्याला प्रेस लागतो. हातपंपाचा. आमच्याकडे गॅरेजमध्ये आहे, माझ्या दंडाएवढासुद्धा नाही तो."

"ज्यांना दंड नसतात त्यांच्यासाठी असतो तो," ट्रकखालून उत्तर आलं.

असला प्रेस या घरात एकेकाळी होता. आर्वी आणि त्याचा मोठा भाऊ ओस्मो, दोघांचा मिळून एकच ट्रक होता, तेव्हाचा. मग दोघांचं बिनसलं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. रानातल्या वाटेवर साखळी कोणी लावली आणि कोणी तोडली असलं काहीतरी होतं. म्हाताऱ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हत्यारांची वाटणी झाली. काड्यापेटीतल्या काड्या मोडून, मुठीत धरून, एकेका वस्तूसाठी ओढायच्या. घण आर्वीकडे आला. लांब दांड्याचा पाना आला. गॅस कटर आणि त्याच्या बाटल्या आल्या. प्रेस ओस्मोकडे गेला. आखूड काडी हातात धरून आर्वी तेव्हा हसला होता म्हणे, आणि त्या दिवसापासून प्रेस ही त्याच्या लेखी बायकी वस्तू झाली.

त्यानं घण घेतला. आडवं पडून घण मारायला जागा नसते. कोपर जमिनीला टेकवून, मनगटातून मारावं लागतं. दर घावागणिक त्याचा खुबा जमिनीवर सरकायचा आणि तोंडातून हवा सुटायची. गंजाचा भुगा त्याच्या भुवयांवर पडत होता. थोड्या वेळानं राइली म्हणाली, सरक. तो सरकला. तिनं मारले. तिचे घाव बापापेक्षा नेमके बसत होते, हे तिघांनाही दिसलं आणि तिघांनीही पाहिलं नाही असं केलं. पिन मात्र हलली नाही. उलट तिचं डोकं मार खाऊन अळंबीसारखं फुललं. आता ती यायची म्हटलं तरी भोकातून यायची नाही.

आर्वी कुशीवर वळला, हातावर जोर देऊन बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला उभं राहायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ दोघी दुसरीकडे बघत होत्या.

"बाटल्या आण," तो ताइमीला म्हणाला. "डोकं कापू, डोळा तापवू, निघेल."

ताइमी उठली नाही.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च होता, याच शेडमध्ये, असाच दिवा तिच्या हातात. तेव्हा दोन्ही बाजूंच्या पिना अडकल्या होत्या आणि त्यांच्या मुलाला, इल्पोला, सकाळी गाडी न्यायची होती. कटरची निळी ज्योत पाट्याच्या डोळ्यावर फिरत होती. पोलाद आधी काळं, मग गर्द लाल, मग पिकलेल्या बेरीसारखं झालं. आर्वी ओरडला, टाक. तिनं दारातून फावडं भरून बर्फ आणला आणि तापल्या पाट्यावर टाकला. केवढी वाफ. या बाजूला सगळे असंच करतात. पिन आखडते आणि सुटते, आणि दारात बर्फाला काही तोटा नसतो. पिना खरोखरच सुटल्या. इल्पो हसत म्हणाला, आई, तुला गॅरेजात नोकरी लागेल. महिन्याभरानं भरल्या गाडीचा डावा पाटा, तापवून एकदम विझवल्यानं ठिसूळ झालेल्या डोळ्यापाशी, काचेसारखा तुटला, एक्सल फिरला आणि ट्रक पाद्रीबाबाच्या वळणावर खड्ड्यात गेला. ओंडके केबिनवर आले.

वळणावर बर्फ होता, असं कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं. बहुतेक दफनाच्या कॉफीला. पोरगं तरुण, गाडी जोरात, वळणावर बर्फ. सगळ्या टेबलांवरून ते वाक्य वेलदोड्याच्या पावाबरोबर फिरलं आणि प्रत्येकानं त्यातला तुकडा घेतला. त्याला कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाहीही म्हणालं नाही. ट्रक ओढून काढला, केबिन ठोकून सरळ केली, डावा पाटा नवा टाकला. उजवा तुटलेला नव्हता, म्हणून तो राहिला. तो बदलायचा तर का बदलायचा हे कोणीतरी बोलायला हवं होतं. तीन हिवाळे आर्वीनं स्वतः त्याच पाट्यावर लाकूड ओढलं. दरवेळी ट्रक अंगणात शिरेपर्यंत ताइमीचे हात चुलीपाशी काहीतरी धरून असत. दर शरदात आर्वी त्या एका पाट्याला काळा रंग देई. लोक म्हणत, आर्वी गाडीला फार जपतो.

"मी ओस्मोकडे जाते," ताइमी म्हणाली.

"माझ्या वाटणीत आलंय त्यात माझं भागतं."

"तुझं भागतं," ती म्हणाली, आणि डोक्याला रुमाल बांधला.

ती ढकलायची घसरगाडी घेऊन निघाली. प्रेस हातात उचलून आणण्याइतका हलका नव्हता. पण रस्त्यावरचा बर्फ निम्मा गेला होता. उघड्या खडीवर गाडीच्या लोखंडी पट्ट्या अशा किंचाळत होत्या की वाटेतल्या दोन्ही घरांच्या खिडक्यांत पडदे हलले. आर्वीची बायको ओस्मोकडे चालली, हे ती पोचण्याआधी गावाला कळलं.

ओस्मो बर्चचं जळण फोडत होता. त्यानं कुऱ्हाड ठोकळ्यात रोवली, कुत्र्याला गप्प केलं आणि कॉफी ठेवली. त्या बाजूला पहिल्या कपाला काम काढत नाहीत. ताइमीला घाई होती आणि ती बसून राहिली. ओस्मो तलावाबद्दल बोलला, पाईक माशाबद्दल बोलला, कुत्र्याच्या कानाबद्दल बोलला. राइली आल्याचं ऐकलं, म्हणाला. गाडी चालवणार म्हणे. ताइमीनं हो म्हटलं. त्यानं दुसरा कप भरला आणि मग तिनं सांगितलं की उजवी पिन अडकलीय.

तो मागच्या खोलीत गेला. प्रेस त्यानं एका जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळून ठेवला होता. तो शर्ट आर्वीचा होता, ताइमीनंच कधीतरी शिवलेला. तिनं बटणं ओळखली. बरोबर लाकडी पेटी, तिच्यात लहानमोठ्या पोलादी कपांची रांग, प्रत्येकाला कोरून केलेला खळगा.

"मागं लावायचा कप बुशापेक्षा मोठा घ्यायचा, म्हणजे बुश त्यात सुटून पडायला जागा राहील," त्यानं एक उचलून दाखवला. "पुढचा, ढकलणारा, भोकापेक्षा जरासा लहान. मोठा घेतलात तर डोळाच फाटेल. बरोबर मधोमध बसवा, तिरका दाब देऊ नका. पिनचं डोकं फुलवलं असेल त्यानं?"

"फुललंय."

"करवतीनं कापा. कंटाळा आला तरी करवतीनंच. मग पंप मारा आणि थांबा. दाब तसाच राहू दे. ठोकू नका, तो आपोआप येतो." मग तो खाली वाकून कुत्र्याच्या गळपट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "आणि आग नको."

कुत्र्याला सांगितल्यासारखं.

घसरगाडीला प्रेस बांधून झाल्यावर त्यानं तिला शेडच्या मागं नेलं. ताडपत्रीखाली लाकडाच्या ठोकळ्यांवर पोलादी पट्ट्यांचा जुडगा बांधलेला एक आख्खा पाटा होता. कोरा, ग्रीस लावलेला, तो आवळायचे नवे यू-बोल्टही बांधून ठेवलेले.

"हाही ने. उचलायला मी येतो, ट्रॅक्टर आहे."

"नको. मला फक्त प्रेस सांगितलाय," ताइमी म्हणाली. तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

"तीन वर्षं पडलाय. मला लागत नाही," ओस्मो म्हणाला. "मी माझा ट्रक विकून पाच वर्षं झाली."

त्यानं ताडपत्री परत ओढली, चारही कोपरे दगडांखाली नीट दाबले. ताइमीचा चेहरा तापला होता. म्हणजे यानंही तो वेलदोड्याचा पाव खाल्ला होता आणि घरी येऊन पाटा मागवला होता. आणि तीन वर्षं कोणीतरी येईल म्हणून ग्रीस लावत बसला होता. तिला त्याचे आभार मानावेसे वाटले आणि त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसंही वाटलं. ती घसरगाडी ढकलत निघाली.

प्रेसकडे आर्वीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. शर्टाकडे मात्र बघत राहिला. मग एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला, गावच्या सभेत शेवटच्या बाकावर बसतात तसा.

राइलीनं करवतीनं पिनचं डोकं कापलं. त्यालाच खरा वेळ लागला. ती पाती बदलत होती, बोटांवर फुंकत होती, आणि आर्वी दर थोड्या वेळानं म्हणत होता की कटरनं हे एव्हाना झालं असतं. दोघी ऐकत नव्हत्या. मग तिनं ओस्मोचे कप लावून पाहिले, एक मोठा निघाला, तो ठेवून खालचा घेतला, प्रेसची चौकट डोळ्याभोवती बसवली आणि पंपाची दांडी खालीवर केली. पोलाद करकरलं. आणखी थोडं. मग तिनं दांडी सोडून दिली.

"आता?" आर्वी म्हणाला.

"आता कॉफी," राइली म्हणाली.

ताइमी कॉफी आणायला घरात गेली. केटली उकळायच्या आतच शेडमधून टक् असा आवाज आला, फळीवर अक्रोड फोडल्यासारखा. ती परत आली तेव्हा पिन, जुन्या बुशाच्या पत्र्यासकट, मागच्या कपात सुटून पडली होती. एवढंच. आर्वीनं ती उचलली, हातात फिरवली, परत ठेवली. त्याच्या तोंडाची एक बाजू हलत होती. ताइमीनं कॉफीचा कप त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाभोवती मिटेपर्यंत सोडला नाही. इतकं सोपं असायला नको होतं. थोडा तरी त्रास व्हायला हवा होता.

डोळा घासताना राइलीच्या ब्रशनं काळा रंग निघाला. खाली कटरच्या ज्योतीनं उमटलेला वीतभर रुंद निळसर जांभळा पट्टा होता, पेट्रोल पाण्यावर पसरतं तशा रंगाचा.

"हे निळं कशानं?" तिनं विचारलं.

"जुनं पोलाद असंच दिसतं," आर्वी म्हणाला.

राइलीनं आईकडे पाहिलं. ताइमी कप गोळा करत होती. नवा बुश त्याच प्रेसनं आत गेला, नवी पिन बसली, ग्रीस मारल्यावर चारी बाजूंनी नीट बाहेर आलं. संध्याकाळी जेवायच्या आधी आर्वी रंगाचा डबा घेऊन शेडमध्ये गेला आणि त्या पट्ट्यावरून ब्रश फिरवून आला.

शनिवार होता. वाफेची न्हाणी, सौना, तापवलेली होती. आधी आर्वी जाऊन आला, मग दोघी गेल्या. राइलीच्या खांद्यावर काळानिळा डाग उठला होता, पोटऱ्यांना तेल चिकटलेलं होतं. ताइमीनं तिची पाठ चोळली. लहानपणी दोन्ही पोरांना ती याच बाकावर बसवून चोळायची, आणि इल्पो नेहमी आधी पळायचा. सौनात वर्दळीवर यायचं नाही, वाईट बोलायचं नाही, देवळात वागतो तसं वागायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि तिनं पोरांना.

"आई," राइली म्हणाली, "त्या दिवशी वळणावर फार बर्फ होता का?"

ताइमीनं डाव भरून तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उसळली, दोघींनी माना खाली घातल्या. वाफ ओसरल्यावर ती म्हणाली, "सगळे म्हणतात."

"तू गेली होतीस ना तिथं?"

तिनं अजून एक डाव टाकला. नंतर राइलीनं विचारलं नाही.

रविवारी काम करत नाहीत, पण त्या आठवड्यात देवानंही तिकडे बघितलं नसतं. पहाटे कडक थंडी होती. रस्ता वाजत होता. राइलीनं थर्मास, काळा पाव आणि खारवलेला मासा केबिनमध्ये ठेवला आणि इंजिन चालू केलं. निळा धूर अंगणात पसरला. आर्वी काठी टेकत ट्रकभोवती फिरला. डाव्या चाकापाशी थांबला, उजव्या चाकापाशी थांबला नाही. मग काचेपाशी जाऊन त्यानं सगळ्या सूचना केल्या. उतारावर खालचा गिअर, ओंडके पट्ट्यांनी दोनदा आवळायचे, ऊन चढायच्या आत बाहेर यायचं.

ताइमी घराच्या पायरीवर उभी होती. तो सांगेल असं तिला वाटत होतं. त्याचा हात ट्रकच्या दाराच्या मुठीवर गेला, आणि तिला वाटलं आता. त्यानं मूठ थोपटली आणि मागं सरला.

ती अंगण ओलांडून ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. राइलीनं हॉर्न वाजवला नाही. काच खाली केली.

"आई, तासाभरात रस्ता मऊ पडेल."

ताइमी काहीतरी बोलली, इंजिनच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. राइलीनं इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की छपराच्या कडेवरून लोंबणाऱ्या बर्फाचा एक सुळका पडल्याचा आवाज आला.

"उतर म्हणाले," ताइमी म्हणाली. "ओस्मोकडे उजवा पाटा आहे. कोरा. तो आणू. तो बसल्याशिवाय गाडी हलायची नाही."

"बुश तर नवा टाकलाय. पाट्याला काय झालंय?"

"काही झालेलं नाही," आर्वी म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "तीन वर्षं ओढलंय मी त्याच्यावर. आज जायचं राहिलं तर उद्या मुकादम दुसरी गाडी पाठवील. जाऊ दे तिला. वळणावर बर्फ असेल, सावकाश घे म्हणावं. तेवढंच तर होतं. त्या पोरानं घेतलं नाही सावकाश."

राइली एक पाय पायरीवर आणि एक पाय केबिनमध्ये असा ठेवून थांबली होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि मग आईकडे.

ताइमीला स्वतःचे हात दिसले. फावडं धरल्यासारखे ते पुढं आले होते. तिनं ते खाली घेतले.

"वळणावर बर्फ नव्हता, आर्वी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, सौनात बोलतात तसा ठेवला. "वाळू टाकलेली होती. तू चालत गेलास तिच्यावरून, मी तुझ्या मागून गेले. इल्पो सावकाशच येत होता. बर्फ मी टाकला. तू पाटा लाल केलास, टाक म्हणालास, आणि मी फावड्यानं टाकला. आधी डाव्यावर, मग ह्याच्यावर."